जुना माठ सजवूया: पाचट, सुतळी आणि चिंचोक्याची खळ

होळी झाली की कोल्हापुरात घरोघरी नवा माठ येतो आणि गेल्या सालचा माठ गच्चीवर नाहीतर परड्यात जाऊन पडतो. तो बहुतेक वेळा धडधाकट असतो, फक्त पाणी गार करत नाही. माठातलं पाणी भांड्याच्या अंगातून पाझरतं, बाहेर आलं की वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. वर्षभर वापरलं की पाण्यातले क्षार ती बारीक छिद्रं बुजवतात. बोअरचं पाणी असेल तर हे आणखी लवकर होतं.

सजावटीला मात्र असाच माठ चांगला. नवा माठ चिकटवायच्या खळीतलं पाणी झटकन ओढून घेतो आणि पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानाची, पट्टी नीट बसवायच्या आत खळ वाळून जाते. जुन्या माठावर हाताला सवड मिळते.

पुढे जी पद्धत दिली आहे, ती एका साध्या रचनेभोवती आहे: माठाच्या खांद्यावर उसाच्या पाचटाच्या पट्ट्या, मानेला सुतळी, दोहोंच्या सांध्यावर बियांची एक ओळ, आणि पोटाखालचा सगळा भाग मोकळा, नुसत्या मातीचा. तो मोकळा भाग सोडाच, हे मी आग्रहानं सांगेन. अख्खा माठ झाकला की खाली मातीचं भांडं आहे हेच कळत नाही, आणि मग प्लास्टिकच्या डब्यावर केलं असतं तरी चाललं असतं.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की भाकरीच्या टोपलीतलं फडकंसुद्धा वाळत नाही. त्या दिवसांत चिकटवलेलं कुठलंही पान बुरशी धरणार. हे काम दिवाळीनंतर काढावं आणि मे संपायच्या आत आवरावं. उसाचा हंगामही तेव्हाच सुरू असतो, त्यामुळे पाचट ताजं आणि कोरडं मिळतं.

माठ पारखणे आणि धुणे

माठ एका हातावर उचलून धरा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. टणटणीत आवाज आला तर माठ शाबूत. बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे. चीर मानेला किंवा खांद्याला असेल तर हरकत नाही, तिथं सुतळी आणि पाचट येणारच आहे. आधी सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी खळीत भिजवून चिरेवर बसवली की काम भागतं. बुडाला चीर असेल तर तो माठ सोडून द्या. घरी जुना माठ नसेल तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला जाऊन विचारा. भट्टीत किंचित वाकडे झालेले, काठ उडालेले माठ कुंभार थोडक्यात देतात, आणि सुतळीखाली काठ झाकला जातो.

आता पांढरे डाग. जुन्या माठावर पिठासारखा क्षार फुललेला असतो. लोक घाईनं त्याच्यावर पाणी ओततात. तसं केलं की क्षार विरघळून परत मातीत शिरतो आणि माठ वाळला की पुन्हा वर येतो, येताना वरची पट्टी उचकटून टाकतो. म्हणून आधी कोरड्या काथ्याच्या ब्रशनं तो झाडून काढा. मग एक वाटी व्हिनेगर आणि दहा वाट्या पाणी एकत्र करून फडक्यानं बाहेरून पुसा. घट्ट बसलेल्या थरावर बारीक फेस येतो, तो थांबेपर्यंत पुसत राहा. त्यानंतर माठ बादलीत किंवा टबात साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पाणी बदला, आणखी एक रात्र ठेवा. शेवाळ असेल तर कडक ब्रश. साबण वापरू नका, मातीत मुरतो आणि निघत नाही.

मग ऊन. चार दिवस तरी उलटा-सुलटा करत वाळवायचा. वरून कोरडा दिसणारा माठ आतून ओला असतो, म्हणून ही खूण बघा: भर दुपारी माठाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सुतळीनं घट्ट बांधा आणि उन्हात तासभर ठेवा. पिशवीच्या आतल्या बाजूला धुकं धरलं किंवा थेंब दिसले तर अजून दोन दिवस. पिशवी स्वच्छ राहिली तरच पुढं जा. सगळ्या कामात ही एक पायरी गाळली, तर बाकीच्या कितीही मन लावून केल्या तरी उपयोग होत नाही.

मोकळा राहणारा खालचा भाग डागाळलेला असेल तर त्याला गेरूचा हात द्या. दोन चमचे गेरू, एक चमचा खळ, लागेल तसं पाणी. पातळ ताकाइतपत झालं की फडक्यानं फिरवा. एकच हात पुरे.

पाचट आणि बाकीचं सामान

ऊस तुटला की वाडं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, जनावरांना जातं आणि पाचट रानात पडून राहतं. कुणी ते पेटवतं, कुणी सरीत कुजवतं. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही बाजूला गेलात तरी नुकता तुटलेला फड दिसेलच. मालकाला विचारून एक कवळा उचलला तर दोन माठांना पुरतं. जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. पानाच्या कडा करवतीसारख्या असतात आणि कांडाला कवटाळून बसलेल्या भागावर बारीक कुसं असतात, ती अंगात रुतली की दिवसभर खाजवतात.

पानं निवडताना पिवळसर सोनेरी, न चुरगळलेली, लांब अशी घ्या. तांबेऱ्याचे ठिपके असलेलं पान नको, ते पुढं काळं पडतं. रानातल्या दवानं मऊ झालेलं, काळे डाग धरलेलं पानही नको.

घरी आल्यावर पान कात्रीनं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी उभं कापा आणि शीर टाकून द्या, ती जाड असते आणि बसत नाही. धारदार कडाही दोन-तीन मिलिमीटर कापून टाका. उरलेल्या पट्ट्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, फडक्यावर निथळू द्या आणि वरून सुती कापड घालून इस्त्री फिरवा. इस्त्री सुतीपेक्षा एक पायरी खाली. पट्टी सपाट होते, चकाकी येते आणि आतले किडे, त्यांची अंडी असतील तर तीही मरतात. इस्त्री जरा जास्त वेळ ठेवली की रंग खरपूस होतो, त्यामुळे एकाच पानातून फिकी आणि गडद अशा दोन छटा मिळतात. याहून गडद तपकिरी हवी असेल तर पानपट्टीत मिळणारा कात पाण्यात उकळून त्यात पट्ट्या बुडवा. हळदीच्या वाटेला जाऊ नका, तिचा रंग उन्हात उडतो.

सुतळी तागाची घ्या, तीन मिलिमीटर जाडीची. लक्ष्मीपुरीच्या बाजारात सहज मिळते. घायपाताची दोरी मिळाली तर आणखी छान. ती पांढरट असते आणि तिला स्वतःची एक चमक असते. बेंदराच्या आधी बैलांसाठी दोर, कासरे यांची दुकानं लागतात, तिथं बघा. मात्र हल्ली बरेच दोर नायलॉनचे असतात, हातात घेऊन, धागा उकलून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

बियांत चिंचोके सगळ्यांत भरवशाचे: कवच कडक, रंग तपकिरी आणि चकाकता. रिठ्याच्या काळ्या बिया, करंजाच्या बिया, गुलमोहराच्या शेंगेतल्या लांबुडक्या बिया हेही चालतात. डाळी, राजमा, तांदूळ चिकटवण्याची हल्ली पद्धत आहे, मला ती पटत नाही. ते अन्न आहे, आणि शिवाय महिन्या-दोन महिन्यांत त्याला टोका लागतो. बिया कुठल्याही असोत, दोन कडक उन्हं दाखवा आणि मग डब्यात बंद करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पुन्हा एक ऊन.

गुंजा मात्र घरात लहान मूल असेल तर बिलकुल वापरू नका. दिसायला त्या फार सुरेख, पण चावून पोटात गेली तर एखादी गुंजही जिवावर बेतू शकते.

आणखी एक. राधानगरी-दाजीपूरला फिरायला गेलात तर तिथून शेंग, पान, साल काहीही उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे आणि तिथं पडलेलं पानसुद्धा तिथल्या मातीचं आहे. रस्त्याकडेच्या, शेताच्या बांधावरच्या झाडांखाली हवं तेवढं सापडतं.

चिंचोक्याची खळ

फेव्हिकॉलनं हे काम होतं, पटकन होतं आणि घट्ट बसतं. तरीही मी खळीच्या बाजूनं आहे, आणि त्याला कारण आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तिथं सातवाहन काळातली मातीची भांडी निघाली. भाजलेली माती इतकी टिकते. तिच्यावर लावलेलं पान चार-पाच वर्षांत फिकं पडणार. मग जे आधी जाणार आहे, ते टिकणाऱ्या भांड्याला न दुखावता काढता यायला हवं. खळ पाण्यानं सुटते, फेव्हिकॉल वाळल्यावर खरवडावा लागतो आणि मातीचे टवके घेऊन येतो.

शिवाय चिंचोक्याची खळ आपल्या भागातलीच. धनगरांच्या घोंगडीला हीच देतात. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत मांडलेलं नवं घोंगडं हातात घेतलं की त्याचा ताठपणा जाणवतो, तो या खळीचा.

एक वाटी चिंचोके कढईत मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले, सालाला भेगा गेल्या की उतरवा. खलबत्त्यात हलकेच ठेचलं की तपकिरी साल निघून आतला पांढरा गर मोकळा होतो. साल पाखडून टाका. गर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा वाटा. त्यात पाच-सहा वाट्या पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत राहा. सुरुवातीला ते दुधाळ दिसतं, अर्ध्या तासात दाट आणि जरा पारदर्शक होतं. थेंबभर अंगठा आणि बोटात धरून ताणा. तार आली की झालं. उतरवून अर्धा चमचा तुरटीची पूड घाला आणि गाळण्यानं गाळून घ्या, एकही कणी राहता कामा नये. ही खळ बाहेर दोन दिवस आणि फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. आंबूस वास आला की टाकून द्या, नवी करा.

पट्ट्या बसवणे

दहा-बारा लिटरचा माठ धरू. त्याच्या पोटाचा घेर साधारण ९० सेंमी भरतो, मानेचा ४५. पोटाच्या सर्वांत फुगीर रेषेपासून मानेपर्यंतचं अंतर सुमारे १५ सेंमी. आपला माठ मोजून घ्या, आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

गोल भांड्यावर सरळ पट्ट्या लावल्या की वरच्या बाजूला त्या एकमेकींवर चढतात. म्हणून पट्टी खाली रुंद आणि वर निमुळती हवी, मोसंबीच्या अर्ध्या फोडीसारखी. मानेचा घेर पोटाच्या निम्मा आहे, तेव्हा पट्टीची वरची रुंदीही खालच्याच्या निम्मी: खाली १ सेंमी, वर अर्धा. जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापा आणि तो पाचटावर ठेवून धारदार कटरनं पट्ट्या कापत जा. ९० लागतील, शंभर कापा.

फुगीर रेषेवर खडूनं गोल रेघ ओढा. सुतळी माठाभोवती गुंडाळून घेर मापा, ती सुतळी चार पदरी दुमडा आणि रेघेवर चार खुणा करा. पहिल्या चार पट्ट्या या चार खुणांवर, अगदी उभ्या, लांबून निरखून बसवा. मग एकेक पाव भाग भरा. असं केलं म्हणजे कापताना झालेला फरक चारही भागांत वाटला जातो आणि शेवटी एका जागी भलती फट उरत नाही. भाग भरताना शेवटच्या तीन-चार पट्ट्या खळ न लावता आधी नुसत्या मांडून बघा, जागा कमी-जास्त असेल तर प्रत्येकीत केसभर फरक करा.

खळ माठाला लावायची, पट्टीला नाही. चार बोटं रुंद जागेवर ब्रशनं पातळ थर द्या, पट्टी वरून खाली अंगठ्यानं दाबत आणा, मग ओल्या फडक्यानं वर आलेली खळ लगेच पुसा. वाळली की ती पांढरट डाग ठेवते. पट्टीचं टोक उचलत असेल तर कागदी चिकटपट्टीचा तुकडा तासभर लावून ठेवा.

एक बारकावा इथं सांगायलाच हवा. पाचटाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त चकाकते. एकाआड एक पट्टी उलटी बसवली तर रंग तोच राहूनही माठ फिरवला की एक ओळ उजळते आणि शेजारची मावळते. सकाळच्या तिरप्या उन्हात हे काम बघावं. गडद-फिक्या पट्ट्यांची नक्षी मला याच्यापुढं भडक वाटते, पण मुलांना ती आवडते आणि चारास एक गडद पट्टी वाईटही दिसत नाही.

सगळं झालं की दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात ठेवलं तर पट्ट्या एकदम आकसतात आणि कडा सुटतात.

सुतळी आणि बिया

सुतळीचा हिशेब आधी करा, म्हणजे मध्येच गाठ मारावी लागत नाही. मानेवर ६ सेंमी रुंद पट्टा हवा आणि सुतळी ३ मिमी जाड, म्हणजे २० वेढे, गुणिले ४५ सेंमी, झाले ९ मीटर. पाचटाच्या खालच्या कडेवर तीन वेढे, म्हणजे २ मीटर ७० सेंमी. एकूण १३ मीटरचा तुकडा पुरतो. सुतळीचे बारीक केस काढायचे तर ती ताणून धरून मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवा. हे काम माठाजवळ नको, पाचटापासून दूर आणि बादलीभर पाणी शेजारी ठेवून करा.

मानेचा पट्टा खांद्याकडून काठाकडे चढवायचा. पहिलं टोक पट्ट्यांच्या वरच्या कडेवर आडवं चिकटवा आणि पुढचे वेढे त्याच्यावरून घ्या, म्हणजे टोक आपोआप झाकतं. दर तीन-चार वेढ्यांनंतर नखानं खाली रेटा. शेवटचं टोक सुईत ओवून दोन वेढ्यांखालून काढा आणि कापा. खालच्या कडेच्या तीन वेढ्यांचंही तसंच. खळीत सुतळी बुडवू नका, भांड्याला लावा. बुडवलेली सुतळी वाळल्यावर काठीसारखी ताठ होते आणि तिचा मऊ पोत जातो.

चिंचोके मानेच्या सुतळीला लागून, एकाच ओळीत, सपाट बाजू माठाकडे करून लावा. खळ यांना पुरत नाही, कवच गुळगुळीत असतं. मागची बाजू पॉलिश पेपरवर दोनदा घासून घ्या, मग डिंकाचं दाट पाणी लावा. एक ओळ झाली की थांबा. दुसरी लावायचा मोह होतो, आवरा.

पिंपळाची जाळीदार पानं घरात पुस्तकात जपलेली असतील तर पाचटाऐवजी त्यांनीही खांदा मढवता येतो. पातळ खळ, वरून मऊ ब्रश, इतकंच. गेरूच्या तांबड्या रंगावर ती जाळी फार खुलते.

काच, चिनी माती, पितळ

काचेच्या फुलदाणीवर आणि लोणच्याच्या जुन्या बरणीवर खळ धरत नाही. तिथं पाचटाचा नाद सोडा आणि फक्त सुतळीचे वेढे घाला, ते एकमेकांच्या आधारानं उभे राहतात. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन वेढ्यांखाली फेव्हिकॉलचा थेंब पुरतो. पितळेच्या कळशीवर काहीच चिकटवू नका. चिंच-मीठ लावून घासा, तिला तेवढंच हवं असतं.

लाखेचा हात आणि पुढची निगा

रंगाच्या दुकानात चपडा लाख आणि स्पिरिट मिळतं. १०० मिली स्पिरिटमध्ये २० ग्रॅम लाख बरणीत घालून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, सकाळी कापडातून गाळा. मऊ ब्रशनं पाचटावर आणि बियांवर दोन पातळ हात द्या, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवून. सुतळीला लावू नका. स्पिरिट चटकन पेट घेतं, त्यामुळे खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही विझलेला असू द्या. लाखेनं पाचटाला मधाळ रंग येतो आणि दमटपणा बराच अडतो. तिच्यावर पाणी साचून राहिलं तर मात्र पांढरे डाग पडतात.

म्हणून या माठात थेट पाणी किंवा माती भरू नका. मातीतून ओल बाहेर येणार आणि महिन्याभरात पट्ट्या मागून सुटणार. ताजी फुलं ठेवायची तर आत काचेची बरणी उतरवा. झाड लावायचं तर प्लास्टिकची कुंडी आत आणि तिच्याखाली ताटली. सर्वांत शोभतात ते उसाचे तुरे. ते पुरते फुलायच्या आत कापा, नाहीतर कापूस घरभर उडतो. उलटे टांगून आठवडाभर वाळवा.

गोल बुडाचा माठ उभा राहायला चुंबळ लागते. कापून उरलेलं पाचट, टाकलेल्या शिरांसकट, पीळ देऊन वाटोळं करा, आतली मोकळी जागा १२ सेंमी ठेवा आणि वरून सुतळी गच्च गुंडाळा.

माठ भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. आषाढात पट्ट्यांवर पांढरी बुरशी दिसली तर कापसाला स्पिरिट लावून टिपा, पण तिथली लाखही विरघळते, म्हणून ऊन पडल्यावर त्या जागी पुन्हा एक हात द्या. आणि काही वर्षांनी रंग उतरलाच, तर लाख स्पिरिटच्या फडक्यानं पुसून काढा, माठ कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पट्ट्या बोटांनी सुटतात, त्या कुंडीतल्या खतात जातात, आणि माठ धुऊन, पिशवी बांधून वाळल्याची खात्री केली की नव्या पाचटाला तयार असतो.